काश्मीरला निघालेल्यांना लोकरी कपड्यांच्या यादीपलीकडे काही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत काश्मीर सहलींविषयी सविस्तर लेख प्रसिद्ध झाला आहे. श्रीनगरची ट्यूलिप बाग कधी फुलते, गुलमर्गला बर्फ कधीपर्यंत टिकतो, अस्सल पश्मिना कसा ओळखावा, हाऊसबोट निवडताना काय पाहावे, हे सारे त्यात नेटकेपणाने आले आहे. मात्र सुरक्षिततेबाबत संपूर्ण लेखात ‘आता परिस्थिती पूर्वपदावर आली असून पर्यटकांनी निर्धास्त जावे’ एवढे एकच वाक्य आहे, आणि माझा आक्षेप त्या वाक्याला आहे. काश्मीरला जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः तेथे अनेकदा गेलो आहे, नातेवाईक व स्नेही यांना घेऊन गेलो आहे आणि पुढेही जाणार आहे. परंतु ‘निर्धास्त’ आणि ‘सावध’ यांत फरक आहे, व ज्या प्रदेशात राजकीय तणाव ही नित्याची बाब आहे तेथे जाणाऱ्या माणसाला सावधपणा शिकवण्याची जबाबदारी सहल कंपन्या घेत नसतील तर ती वृत्तपत्रांनी घ्यावी, यासाठी हे पत्र.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणावर झालेल्या हल्ल्यात २६ जण मारले गेले आणि त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते. त्या पर्यटकांनी कोणताही नियम मोडला नव्हता. घोड्यावरून किंवा पायीच पोहोचता येणाऱ्या, तरीही प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत असलेल्या एका ठिकाणी ते गेले होते. तेथे बंदोबस्त नव्हता, आणि ही सुरक्षा व्यवस्थेची चूक असल्याचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनीही नंतर मान्य केले. त्यामुळे पुढे लिहिलेले पाळले असते तर ते वाचले असते असा अर्थ कोणीही काढू नये. अशा हल्ल्यापुढे पर्यटकाची सावधगिरी फारशी कामाची नसते. ती कामास येते ती हल्ल्यानंतरच्या गोंधळाच्या तासांत, रस्ते व दूरध्वनी बंद पडलेल्या दिवसांत, आणि त्याहून अधिक म्हणजे काहीच घडत नसलेल्या साध्या दिवशी, जेव्हा आपल्या एखाद्या उतावळ्या बोलण्यामुळे किंवा कॅमेऱ्यामुळे आपण स्वतःला नाही तरी समोरच्या माणसाला अडचणीत आणू शकतो.

सर्वप्रथम, काय उघडे आहे आणि काय बंद आहे हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातील ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ स्थळे प्रशासनाने बंद केली आणि त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने उघडत गेली. जून २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात जम्मू व काश्मीर हे दोन्ही विभाग मिळून १६ स्थळे खुली झाली. अशी यादी पुन्हा केव्हाही बदलू शकते. असे असताना जुन्याच कार्यक्रमपत्रिकेवर तारखा बदलून पैसे घेणाऱ्या कंपन्या आहेत, आणि मग ‘छापलेले ठिकाण दाखवाच’ म्हणून चालकाशी हुज्जत घालणारे प्रवासीही आहेत. बंद असलेल्या कुरणावर आडवाटेने नेतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. त्याला त्या दिवसाचे भाडे मिळते. पकडले गेल्यास होणारा त्रास मात्र दोघांनाही होतो.

परतीच्या वाटेचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. एप्रिल २०२५ मध्ये हल्ल्याच्या दोनच दिवस आधी रामबन परिसरात ढगफुटी व भूस्खलन होऊन जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला होता. त्यामुळे हल्ल्यानंतर ज्यांना तातडीने खोरे सोडायचे होते त्यांच्यापुढे प्रामुख्याने विमान हाच पर्याय उरला, आणि जादा विमाने सोडूनही विमानतळावर रांगा लागल्या. पुढे ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाल्यावर श्रीनगरचा विमानतळच काही दिवस नागरी उड्डाणांसाठी बंद राहिला. आता जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वे धावू लागली आहे व ती मोठीच सोय आहे. तरीही आठवड्याची सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्रीचे परतीचे तिकीट काढून, दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत हजर होण्याचा बेत काश्मीरच्या बाबतीत करू नये. दोन दिवसांची सवड, तेवढ्या मुक्कामाचे पैसे आणि नेहमीच्या औषधांचा वाढीव साठा जवळ हवा. प्रवास विम्याच्या कागदावर दहशतवादी कृत्य व युद्धसदृश परिस्थिती यांबाबत काय लिहिले आहे तेही वाचून ठेवावे. बारीक टाइपातला तो परिच्छेद बहुतेकांना गरज पडल्यावरच सापडतो.

प्रशासन जेव्हा ‘परत जा’ म्हणते तेव्हा कारण विचारत बसू नये. २ ऑगस्ट २०१९ रोजी अमरनाथ यात्रेकरू व पर्यटकांना मुक्काम आवरता घेण्याची सूचना निघाली, तेव्हा अनेकांनी ती नेहमीची खबरदारी समजून दुर्लक्षिली. तीनच दिवसांनी, ५ ऑगस्टला अनुच्छेद ३७० संबंधीचा निर्णय जाहीर झाला आणि मोबाइल, इंटरनेट व लँडलाइन सारेच बंद झाले. पोस्टपेड मोबाइल १४ ऑक्टोबरला सुरू झाले, तर संपूर्ण जम्मू-काश्मीरमध्ये ४जी सेवा परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. तितका दीर्घ काळ पुन्हा येईलच असे नाही, पण काही तासांची इंटरनेटबंदी खोऱ्याला नवीन नाही. म्हणून तिकिटे, हॉटेलचे आरक्षण, ओळखपत्राच्या प्रती व महत्त्वाचे क्रमांक कागदावर असावेत, नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा आणि क्यूआर कोडवर सर्वस्वी विसंबून न राहता दोन-तीन दिवसांचा खर्च भागेल एवढी रोकड खिशात असावी. इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालते, ही साधी गोष्ट श्रीनगरला उतरल्यावर कळलेले प्रवासी प्रत्येक विमानात असतात. किमान कुटुंबातील दोघांकडे, आणि तेही शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे, पोस्टपेड जोडणी असलेले फोन असणे चांगले. घरच्यांशी बोलण्याची एक ठरावीक वेळ ठेवावी व एखाद्या दिवशी फोन लागला नाही तर लगेच घाबरून जाऊ नये, हेही त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

आता जवान, नाके आणि कॅमेरा यांविषयी. श्रीनगरचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. तेथे धावपट्टी, लष्करी विमाने किंवा बंकर यांचे चित्रीकरण करण्यास मनाई आहे आणि उतरताना-उडताना खिडकीचा पडदा खाली ठेवण्याची सूचना आली तर ती पाळायची असते. परतताना मुख्य इमारतीच्या बऱ्याच अलीकडे, ज्याला तेथे ड्रॉप गेट म्हणतात तेथे सर्वांना खाली उतरवून सामानाची तपासणी होते व नंतर आत पुन्हा होते, म्हणून तीन तास आधी निघावे. या ड्रॉप गेटवर आपल्याकडील माणसांची चिडचिड पाहण्यासारखी असते: पाच बॅगा, तीन पिशव्या, अक्रोडाची गोणी, झोपलेले मूल, आणि ‘आम्ही काय अतिरेकी आहोत का’ हा ठेवणीतला प्रश्न. तो जवान दिवसभर तेच ऐकत असतो. मूळ ओळखपत्र हातात, बॅगेच्या वरच्या कप्प्यात चार्जर व बॅटऱ्या आणि तोंड बंद, एवढ्याने काम निम्म्या वेळात होते.

रस्त्यावर लष्कराचा ताफा जात असताना चालक गाडी बाजूला घेतो. त्याला ‘काढ ना पुढे’ म्हणू नये, आणि खिडकीतून मोबाइल बाहेर काढून चित्रीकरण तर मुळीच करू नये. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे जम्मू-श्रीनगर महामार्गावर ताफ्यावर हल्ला झाला, त्यानंतर काही आठवडे रविवार व बुधवार हे दिवस ताफ्यांसाठी राखून सामान्य वाहनांना रस्ता बंद ठेवण्यात आला होता. ती आठवण चालकांच्या आणि जवानांच्याही मनात ताजी आहे. अंधार पडल्यावर नाका आला की अनुभवी काश्मिरी चालक वेग कमी करतो, पुढचे दिवे मंद करतो आणि गाडीतला दिवा लावतो, जेणेकरून आत कोण आहे ते जवानाला दुरूनच दिसावे. मागच्या आसनावरून ‘डोळ्यांवर येतोय, बंद करा’ अशी ओरड मी ऐकली आहे. चालक काही बोलला नाही, पण त्याने दिवा बंदही केला नाही, आणि त्याचे बरोबर होते. शक्यतो अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचण्याचा त्याचा आग्रहही आळस समजू नये. श्रीनगर जिल्ह्यात ड्रोन उडवण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे ड्रोन घरीच ठेवावा. गिर्यारोहणाला जाणाऱ्यांनी उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे परवान्याशिवाय नेऊ नयेत, कारण त्यांवर देशभरच निर्बंध आहेत व काश्मीरमध्ये त्यांकडे साहजिकच अधिक संशयाने पाहिले जाते.

याहून कठीण भाग बोलण्याचा आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. आपला प्रवासी शिकाऱ्यात बसला, काहव्याचा पहिला घोट घेतला की वल्हवणाऱ्याला विचारतो, ‘क्या लगता है, ३७० हटने से अच्छा हुआ ना?’ प्रश्न कुतूहलाचा असतो हे मान्य. पण ज्याला तो विचारला जातो त्याच्यापुढे गिऱ्हाईक बसलेले असते, शेजारून दुसरा शिकारा जात असतो, आणि बहुतेक वेळा कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरणही करत असते. तो जे उत्तर देईल ते कोणाला तरी आवडणार नाही. खोऱ्यातील माणसाला अतिरेक्यांचीही भीती असते आणि चौकशीचीही. आपण रात्रीच्या विमानाने निघून जातो, त्याचे बोलणे मात्र कोणाच्या तरी चॅनेलवर राहते. म्हणून राजकारणाचा विषय आपण काढू नये, त्याने काढला तर ऐकावे, वाद घालू नये आणि कोणाचेही असे बोलणे त्याच्या संमतीशिवाय, किंबहुना संमती असली तरी, समाजमाध्यमांवर टाकू नये. त्याची संमती अनेकदा गिऱ्हाइकाला दुखवू नये म्हणूनही असते.

हीच गोष्ट लाल चौकाची. घंटाघरासमोर राष्ट्रध्वज घेऊन छायाचित्र काढण्यात काहीच वावगे नाही, आणि आता तेथे ते रोज घडते. पण आमच्याच ओळखीतल्या एका गटाने तेथील सुक्या मेव्याच्या दुकानात शिरून, मोबाइल समोर धरून, दुकानदाराला ‘आता आमच्याबरोबर घोषणा द्या, मगच खरेदी करतो’ असे सांगितले. त्याने हसून दिली. खरेदी झाली, चित्रफीत घरच्या गटावर गेली व तिला टाळ्याही पडल्या. दुकानदार वयाने साठीचा असावा. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाची त्याच्याच दुकानात अशी परीक्षा घेणे हे देशप्रेमाच्या कोणत्या व्याख्येत बसते, हे मला समजलेले नाही. तसेच १९९० च्या सुमारास काश्मिरी पंडितांना ज्या परिस्थितीत घरेदारे सोडावी लागली ती कोणीही विसरू नये. परंतु त्या वेळी जन्मालाही न आलेल्या टॅक्सीचालकाला त्याचा जाब विचारल्याने पंडितांना न्याय मिळत नाही. ज्यांना त्या दुःखाची खरोखर जाणीव आहे त्यांनी तुळमुळा येथील खीर भवानीच्या मंदिरात, पंडितांच्या श्रद्धास्थानी, जावे. तेथे मांसाहार करून जात नाहीत, हे मात्र आदल्या रात्री वाझवान, म्हणजे मांसाहारी काश्मिरी मेजवानी, मागवण्यापूर्वीच लक्षात ठेवावे.

अन्य धर्मस्थळांबाबतही थोडी पूर्वकल्पना असली की प्रसंग टळतात. हजरतबल किंवा खानकाह-ए-मौला येथे डोके झाकून, पूर्ण अंगभर कपड्यांत, पादत्राणे बाहेर काढून जावे. खानकाहच्या आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश नाही व हजरतबलला त्यांची जागा वेगळी आहे. हे पटो वा न पटो, दारावर उभ्या असलेल्या सेवेकऱ्याशी त्यावर वाद घालण्यासाठी पर्यटनाचा दिवस खर्ची घालू नये. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी जामिया मशिदीच्या आसपासच्या नौहट्टा भागात फिरण्याचा बेत टाळावा. एखाद्या दिवशी दुकाने अचानक बंद झालेली दिसली, रस्त्यावर जमाव किंवा अंत्ययात्रा दिसली, तर ‘काय चाललंय’ म्हणून पुढे जाऊ नये. आल्या वाटेने हॉटेलवर परतावे. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खात-पीत फिरू नये. शिकाऱ्यात मद्यपान आणि हाऊसबोटीच्या गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत गाणी, यांविषयी लिहावे लागू नये, पण लावणाऱ्यांच्या गाण्यांत मराठी गाणी ओळखू आल्यामुळे लिहावे लागत आहे.

भाड्यांवरून होणारे वाद हा राजकीय विषय नसला तरी तणावाच्या प्रदेशात तो तसा व्हायला वेळ लागत नाही. पहलगामहून आरू, बेताब खोरे व चंदनवाडीला स्थानिक युनियनचीच गाडी घ्यावी लागते, बाहेरची चालत नाही. यात पिळवणूक आहे असे प्रत्येक नव्या प्रवाशाला वाटते. स्टँडवरचा दरफलक पाहून बसावे आणि विषय संपवावा. घोडेवाल्यांचेही तेच. गुलमर्गच्या गोंडोलाचे तिकीट दलालाकडून न घेता जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढावे. घासाघीस जरूर करावी, पण ‘आम्ही येतो म्हणून तुमची चूल पेटते’ हे वाक्य कोणत्याही भाषेत उच्चारू नये.

अलीकडे केरन, टिटवाल, गुरेझ अशा नियंत्रण रेषेजवळच्या गावांना जाण्याची हौस वाढली आहे. किशनगंगेच्या पलीकडच्या तीरावर पाकव्याप्त काश्मीरमधील घरे दिसतात, टिटवालला २०२३ मध्ये उभारलेले शारदा मंदिर आहे. जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तेथे जाण्यापूर्वी त्या वेळी कोणती परवानगी लागते हे जिल्हा प्रशासनाकडे विचारावे, पलीकडच्या माणसांना हाका मारणे व खुणा करणे हा खेळ समजू नये आणि पायवाट सोडून गवतात शिरू नये. मे २०२५ मधील तोफमाऱ्यानंतर न फुटलेले गोळे सापडत असल्याने तेथील रहिवाशांनाच त्याबाबत सावध करावे लागले होते. ज्या गावांत लोकांनी घराशेजारी खंदक बांधले आहेत, त्या खंदकांत उतरून हसऱ्या चेहऱ्याने छायाचित्रे काढण्यापूर्वी किमान घरमालकाला विचारावे.

दुर्दैवाने काही घडलेच, तर पहिला नियम हॉटेलमध्ये थांबण्याचा, दुसरा ११२ हा क्रमांक आणि स्थानिक पोलिसांच्या सूचना एवढ्यांवरच विश्वास ठेवण्याचा. सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवू नयेत अशी सूचना केंद्र सरकारने पहलगाम हल्ल्यानंतर माध्यमांना दिली होती. खिडकीतून चित्रीकरण करणाऱ्या पर्यटकालाही तीच लागू मानावी. आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलू नये. आणि त्या तासांत आसपासचा काश्मिरी माणूस शत्रू आहे असे समजून वागू नये. बैसरनला पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला, इतर घोडेवाल्यांनी जखमींना पाठीवरून खाली आणले, आणि दुसऱ्या दिवशी हल्ल्याच्या निषेधार्थ अवघे खोरे बंद होते. त्याच आठवड्यात देशाच्या काही भागांत काश्मिरी विद्यार्थ्यांना खोल्या सोडण्यास सांगितले गेले, शालविक्रेत्यांना हाकलले गेले. खोऱ्यातल्या लोकांनी ती दृश्ये मोबाइलवर पाहिली आहेत, आणि पुढच्या हंगामात आपले स्वागत करणारे तेच लोक आहेत.

शेवटी सहल कंपन्यांकडे वळतो. निघण्यापूर्वीच्या बैठकीत त्या जी छापील सूचनापत्रे देतात, त्यांत थर्मल, हातमोजे, ओठांना लावायचे मलम आणि रोज रात्री मराठी जेवण मिळेल याचे आश्वासन असते. त्यात आणखी एक पान घालण्यास विशेष खर्च येत नाही. प्रवाशांनीही पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे: ठरलेले स्थळ बंद झाल्यास पर्याय काय व परतावा किती, महामार्ग किंवा विमानतळ बंद पडल्यास वाढीव मुक्कामाचा खर्च कोण करणार, टूर मॅनेजर याआधी खोऱ्यात किती वेळा गेला आहे, इंटरनेट बंद असताना कंपनीशी संपर्क कोणत्या क्रमांकावर व कोणाशी करायचा, आणि वृद्ध प्रवाशांना अचानक हलवावे लागल्यास गाडीची सोय कोणाकडे आहे. मी हे प्रश्न एका नामांकित कंपनीच्या कार्यालयात विचारले, तेव्हा समोरच्या तरुणीने अत्यंत सौजन्याने ‘काका, तुम्ही फार नकारात्मक विचार करता’ असे उत्तर दिले. आपल्या पुरवणीत याच कंपन्यांच्या पानभर जाहिराती असतात हे मी जाणतो. तरीही पुढील काश्मीर विशेषांकात हे पाच प्रश्न आणि त्यांना कंपन्यांनी दिलेली उत्तरे, नावांसह, छापावीत अशी आपणांस विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक